हललेला फोटो

लग्नानंतरची पहिली दिवाळी. चाळीस-एकेचाळीस साल असेल. शहापूरला सासुरवाडीत होतो. माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी दोघांचा फोटो काढून घ्यावा, म्हणून बाजारातल्या फोटोग्राफरला सकाळचा अर्धा तास ठरवलं. त्याचं नाव विचारायचं राहिलंच.

तो कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून चालत आला. बायकोला पदर नीट घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून त्यानं दोन बोटांनी माझी हनुवटी सरळ केली आणि हात उचलून एकावर एक ठेवले. शेवटी त्याचा तळहात माझ्या पापण्यांकडे आला, आणि तिथंच थबकला.

"सवय हो," तो ओशाळून म्हणाला. "इकडं घरात कोण गेला, तरच आमाला बोलवतात. जित्या माणसाचा फोटो लय दिसांनी काढतोय."

मग मला स्वस्थ बसवेना. "हलू नका" असं तो तीनदा ओरडला. बायको मात्र पुतळ्यासारखी बसली होती.

निघायच्या आदल्या दिवशी फोटो आणायला गेलो. किल्ला स्वच्छ आला होता, बायकोच्या नथीचा मोती न् मोती दिसत होता आणि माझ्या जागी नुसता धूर. मी भडकलो.

त्यानं फोटो उजेडात धरला. "हललात, त्यात वाईट काय नाय," तो म्हणाला. "माझी फोटोंची पेटी न हललेल्यांनीच भरलीय."

माझी नजर फोटोतल्या बायकोवर गेली; ती जराही हलली नव्हती. घर येईपर्यंत मी जवळजवळ पळत होतो. वहाणाही न काढता मी अंगणातूनच बायकोला हाक मारली. ती बाहेर येईपर्यंत मारतच राहिलो.