दादाच्या माश्या

घड्याळजी तीस वर्षं थोरल्या भावासाठी माश्या बांधत होता. माश्या म्हणजे गळावर पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेले खोटे किडे. खरे समजून मासे ते गिळतात. मासे दादा पकडायचा, कौतुक दादाचं व्हायचं, पण धाकट्याला त्यानं नदीवर एकदाही नेलं नव्हतं. दुकान बंद केल्यावर घड्याळजीनं एकदाचं तोंड उघडलं. "दादा, या रविवारी मी येऊ?"

"तू? न्हाणीघरात घसरतोस, नदीत काय उभा राहणार? डझनभर माश्या तेवढ्या बांधून ठेव."

घड्याळजी बसला बांधायला. शेवटची गाठ मारायचीच नाही, पाण्यात सगळं सुटून दादाची फजिती होऊ दे, असं त्यानं ठरवलं. पण मेल्या बोटांना सवयच ती. बाराही गाठी घट्ट बसल्या.