वहीताई आणि चाळीस पट्ट्या

गोंदाच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत तिला सगळे वहीताई म्हणत. चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या तापवून त्या किती जोर लावल्यावर सुटतात हे पाहणारं यंत्र ती चालवी. किती तापवायचं, किती वेगानं ओढायचं, हे एका फाइलीत लिहून ठेवायचं; मग संगणकावर आज्ञेची एक ओळ टाइप केली, की पुढचं सगळं यंत्र आपणहून करी. त्या ओळीच्या शेपटाला पर्याय जोडता येत: फाइल कोणती, पट्ट्या किती, आणि वहीताईचा लाडका पर्याय, ‘फक्त तालीम’. तो जोडला की यंत्र काय करणार ते नुसतं पडद्यावर दाखवी, पट्टीला हात लावत नसे.

अकरा वर्षं ती प्रत्येक ओळ आधी वहीत लिही, मगच संगणकावर.

त्या मंगळवारी चाळीस पट्ट्या तयार होत्या. गोंद वाळायला नऊ दिवस लागले होते, आणि निकाल तीन वाजता गिऱ्हाइकाला हवा होता. खोलीचा कारभार वहीताईकडे सोपवायचा की नाही, हेही साहेब आजच ठरवणार होते.

“वही ठेवा हो बाजूला,” साहेब म्हणाले. “वरचा बाण दाबला की कालची ओळ येते. फाइलीचं नाव बदललं, झालं!”

“तालीम करते आधी.”

“अहो ताई, नाटक बसवताय का?”

“नऊ दिवस वाट पाहिली, आता तीन मिनिटांनी काय बिघडतं?”

तिनं बाण दाबून कालची ओळ आणली, फाइलीचं नाव बदललं आणि शेवटी ‘फक्त तालीम’ जोडलं. पडद्यावर उमटलं: तापमान एकशे ऐंशी.

“फाइलीत तर ऐंशी आहे!” साहेब चक्रावले.

तिनं ओळीच्या शेपटावर बोट ठेवलं. काल यंत्राची भट्टी तापवून साफ करताना ओळीला जोडलेले एकशे ऐंशी तिथंच चिकटून बसले होते.

“फाइल काहीही म्हणो, ओळीत वेगळं सांगितलं की यंत्र ओळीचंच ऐकतं. आमच्या ह्यांच्यासारखं! शेवटी बोलेल त्याचं खरं.”

“म्हणजे चाळीसही पट्ट्यांचा कोळसा झाला असता!” साहेब मटकन खुर्चीत बसले.

तिनं शेपूट छाटलं, पुन्हा तालीम घेतली आणि यंत्र सोडलं. पट्ट्या एकेक करून कडाकड सुटू लागल्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी निकाल गेला.

साहेबांनी खोलीची किल्ली तिच्या वहीवर ठेवली. “सांभाळा. आणि मलाही अशी एक वही द्या.”

तिनं कपाटातून कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर ठसठशीत लिहून दिलं: कालची ओळ शिळी समजावी.