न बघता उतरवलेली लग्नं

त्रिपोलीत, सूक अल-जुमाआ वस्तीच्या मागल्या गल्लीतलं मिफ्ताहचं दुकान अजून रोज उघडतं. गिऱ्हाइकासाठी कमी आणि घर खायला उठतं म्हणून जास्त. बायको, खदूजा, गेल्यापासून तो सकाळी लवकर येऊन बसतो. धंदा डिस्क ड्राइव्ह दुरुस्तीचा. ड्रॉवर अडकला, रबरी पट्टा सैल झाला, लेन्सवर धूळ बसली. रोग तेच, औषधं तीच, आणि आता तेही करायचं जिवावर येतं. हल्ली लोक जुन्या डिस्का आणतात त्या टॅबवर उतरवून घ्यायला, आणि काम झालं की बंद पडलेला प्लेअर त्याच्याच गळ्यात मारून जातात.

बायका मात्र त्याच्याकडेच येतात, आणि त्याला कारण आहे. लग्नात बायकांच्या दालनात जे चित्रण होतं त्यात सगळ्या जणी मोकळ्या केसांनी, नटूनथटून नाचत असतात. त्यावर परक्या पुरुषाची नजर पडता कामा नये. म्हणून मिफ्ताहने स्क्रीन एका पडद्यापलीकडे ठेवलाय. बाई तिकडे बसून बघते, तो अलीकडे ड्राइव्ह सांभाळतो आणि मधूनमधून विचारतो, "चित्र हलतंय ना?" शेवटी चित्र बंद करून आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत तिच्यासमोर पुसून टाकतो. ही शिस्त खदूजानेच लावलेली. "एकदा जरी डोकावलात ना, तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही," असं तिने बजावलं होतं.

त्या दिवशी हाज्जा झुहरा अंगावरच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला प्लेअर घेऊन आली. हज केलेली म्हणून हाज्जा, आणि मिफ्ताहला चड्डीत असल्यापासून ओळखणारी बाई.

"मिफ्ताह! जिवंत आहेस का रे?"

"अर्धामुर्धा आहे, हाज्जा. बसा."

"तुझं हे थोबाड बघून माझे गुडघे जास्तच दुखायला लागले बघ." तिने प्लेअर टेबलावर आदळला. "ह्या मेल्याने माझ्या लेकीचं, हनानचं लग्न गिळलंय. ड्रॉवर उघडत नाही. पोरीने कॅनडाहून हा टॅब पाठवलाय, त्यात घालून दे."

मिफ्ताहने टाचणी सरळ करून प्लेअरच्या बारीक भोकात खुपसली, तेव्हा ड्रॉवर कुरकुरत बाहेर आला. डिस्कवर एक चांगला लांब ओरखडा होता. हाज्जा पडद्यापलीकडे जाऊन बसली, आणि त्याने डिस्क पुसून आपल्या ड्राइव्हमध्ये घातली. पडद्यापलीकडे ढोल वाजायला लागले, बायकांचा किलकिलाट सुरू झाला, आणि हाज्जाचं तोंडही.

"अगं बाई, किती बारीक होते मी! ही माझी बहीण. आणि ही बघ, तुझी खदूजा! काय नाचतेय बया!"

मिफ्ताहचा हात जागच्या जागी राहिला. "कोण?"

"तुझी बायको रे! कमरेला ओढणी बांधून अगदी मधोमध."

त्याच्याकडे खदूजाचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा. त्यात ती आता कुणीतरी रागावणार अशा चेहऱ्याने बसली होती. हलती-बोलती खदूजा कुठेच नव्हती. तिने कुणाला कधी चित्रण करूच दिलं नाही, असं तो धरून चालला होता. तेवढ्यात ड्राइव्ह खरखरला आणि ढोल बंद पडले.

"अडकलं रे! तिचा एक हात वर आहे आणि अडकलं!"

ओरखडा नेमका तिथेच होता. एरवी असं झालं की तो गिऱ्हाइकाला सांगायचा, तेवढा तुकडा गेला समजा, बाकीचं मिळेल. आज ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात. त्याने डिस्क काढून मधून कडेकडे हलक्या हाताने पुसली. कापसाला स्पिरिट लावून लेन्स साफ केली. पुन्हा तिथेच अडकलं. वेग कमी केला, तरी तेच. मग त्याने फळीवरचा एक म्हातारा ड्राइव्ह उतरवला. तो चालायचा रखडत, पण खराब डिस्कशी जुळवून घ्यायचा. तो कण्हत कण्हत फिरला. बऱ्याच वेळाने ढोल पुन्हा सुरू झाले.

"चाललं! नाचतेय!"

मिफ्ताह पडद्याकडे बघत बसून राहिला. मग पलीकडून हाज्जाचा आवाज आला, "इकडे ये."

"नको, हाज्जा. बाकीच्या आहेत त्यात."

"ते मला शिकवतोस? बाकीच्यांना मी झाकते. तुझी बायको तेवढी बघ. ये म्हणते ना!"

तो खाली मान घालून पलीकडे गेला. हाज्जाने चित्र थोडं मागे घेतलं होतं आणि आपल्या पांढऱ्या चादरीची दोन टोकं धरून स्क्रीनवर दोन्ही तळवे दाबले होते. मधल्या फटीत खदूजा होती. ती डावीकडे सरकली की हाज्जाचे हात तिच्यामागे धावायचे.

"अगं थांब जरा, म्हातारीला पळवतेस!"

मिफ्ताहला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले. खदूजा डोळे मिटून, मान मागे टाकून नाचत होती. एकदा ती अगदी पुढे आली, चित्रण करणारीला हसत काहीतरी म्हणाली, ते ढोलात बुडालं. मग ती कडेला निघून गेली आणि हाज्जाने फट बंद केली.

सगळं टॅबवर उतरलं, तेव्हा मिफ्ताहने चित्र बंद करून नेहमीप्रमाणे आपली प्रत पुसायला घेतली.

"आजचा दिवस राहू दे रे," हाज्जा म्हणाली. "मी कुणाला बोलत नाही."

"नको, हाज्जा."

"मग तेवढाच तुकडा काप."

"कापायचा तर सगळ्यांकडे बघत कापावा लागेल." त्याने प्रत पुसली आणि टॅब तिच्या हातात दिला.

हाज्जा दारापर्यंत गेली, तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. "हाज्जा, ती नेहमी नाचायची?"

"नेहमी? अरे, तिच्याशिवाय कुठल्याच लग्नात नाच सुरू व्हायचा नाही. तुला ठाऊक नव्हतं?"

गल्लीतली जवळजवळ सगळी लग्नं मिफ्ताहने याच टेबलावर उतरवली होती, आणि एकूण एक स्वतःच्या हाताने पुसली होती.