सळई पसंत नाही

निर्णय न घेण्यासाठी माझ्या मामेसासऱ्यांइतके कष्ट उपसणारा माणूस साऱ्या बोरिवलीत नव्हता, आणि बोरिवलीत नव्हता म्हणजे बहुधा जगातही नसावा. हे माझ्या बायकोचे मामा. अंधेरीच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला माल भिंगाखाली धरायचा, त्यावर लाल ठिपका द्यायचा आणि परत पाठवायचा, याचा त्यांना पगार मिळे. घरी हेच काम ते फुकट करत. मामींनी आणलेली वांगी, सोसायटीच्या गच्चीचा उतार, समोरच्यांच्या टीव्हीचा अँटेना, सगळ्यांत काही ना काही खोट निघायचीच. मामींना मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत पसंत केलं होतं. त्याबद्दल मामी म्हणत, "तेव्हा ह्यांना चष्मा नव्हता."

मामांकडे एक रायफल होती. तरुणपणी ते नेमबाजीच्या क्लबात जात. रायफल रीतसर परवान्याची, कपाटात कुलपात ठेवलेली, आणि तिच्या जोरावर मामांचा सोसायटीत भलताच दरारा. एकदा नॅशनल पार्कातली माकडं गच्चीवर उतरली आणि वाळत घातलेले पापड खाऊ लागली. सेक्रेटरी धावत वर आले. "मामासाहेब, गोळीबिळी नको, नुसती दाखवा ना त्यांना, पळतील!" मामा गंभीरपणे म्हणाले, "दाखवणार नाही. नळी साफ नाहीये." माकडांनी निवांतपणे सगळे पापड संपवले.

नळी साफ नव्हती, कारण ती साफ करायची सळई मामांना मिळत नव्हती. बाजारात सळया भरपूर होत्या, पण त्या मामांना पसंत नव्हत्या. पितळेची मऊ, तिला कचरा चिकटतो आणि तो कचरा नळीला ओरखडे पाडतो. पोलादाची कडक, ती स्वतःच ओरखडे पाडते. लाकडाची आपल्या दमट हवेत फुगते. तुकडे जोडून केलेली असली तर जोड घासतो, अखंड असली तर ती वाकते. फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात त्यांच्याबरोबर जायचा मान वर्षानुवर्षं माझ्याकडे होता. तिथे काउंटरच्या काचेवर ते एकेक सळई लाटण्यासारखी फिरवत आणि डोळा काचेला लावून सळईखालची फट शोधत. फट सापडली की चेहऱ्यावर समाधान पसरे. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, सळई घ्यायला आलात का जावई बघायला?" मामांनी माझ्याकडे एक नजर टाकली. "जावयाच्या बाबतीत आमची घाई झाली," असं म्हणून ते पुढची सळई फिरवू लागले.

क्लबातले बाकीचे लोक मिळेल त्या सळईने नळ्या साफ करत, नेम धरत, बक्षिसं आणत. मामांनी स्वतः रायफल चालवणं कधीच थांबवलं होतं. पूर्वी एकदा राज्याच्या संघाची निवड होती, तीही त्यांनी सोडून दिली होती, असं मामी सांगत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चांगली सळई मिळू दे, मग दाखवतो."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांची मुलगी वासंती कॉलेजात गेल्यावर मामांच्याच देखरेखीखाली तीच रायफल चालवू लागली. पोरीचा नेम असा, की क्लबातले जुने लोक चहा टाकून बघायला येत. राज्याच्या संघासाठी तिचं नाव गेलं आणि नेमक्या त्याच महिन्यात गोळ्या भरकटू लागल्या. गंजाची आणि काजळीची नळी, दुसरं काय होणार? ती रोज बापाच्या मागे लागली.

"बाबा, रविवारी निवड आहे हो!"

"म्हणूनच घाई नको."

शुक्रवारी ती आमच्याकडे आली आणि रडली. मला पहिल्यांदाच मामांचा राग आला.

शनिवारी मी तिला दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने पुढे केलेली पहिलीच सळई तिने घेतली. घरी आल्यावर मामांनी ती जेवणाच्या टेबलाच्या काचेवर फिरवली. "वाकडी आहे. किंचित, पण आहे. उद्या नेम चुकला तर?"

"तर मी चुकले म्हणेन," वासंती म्हणाली. "बाबा, एकदा तरी माझं मला चुकू द्या ना!"

मामांनी सळई टेबलावर ठेवली. मग त्यांनी मामींकडे जुनं मलमलचं धोतर मागितलं, त्याच्या चिंध्या केल्या आणि वासंतीला शेजारी बसवून शिकवू लागले. "मागून घाल. तोंडाकडून कधीच नाही. हं, आता एका दमात ढकल." पहिली चिंधी कोळशासारखी काळी निघाली. पुढच्या हळूहळू उजळत गेल्या. पांढरीशुभ्र चिंधी बाहेर आली तेव्हा मामांना हसू फुटलं होतं.

रविवारी वासंती थोडक्यात हुकली. शेवटच्या काही गोळ्या बाहेर गेल्या आणि संघ जाहीर झाला त्यात तिचं नाव नव्हतं. नेमबाजीच्या रेंजवर मामा आणि मी उभे होतो, तिथे ती आली. डोळे भरलेले होते, पण मान ताठ. "सळई चांगली होती, बाबा. शेवटी मीच घाबरले."

आता वारा, उजेड, गोळ्या, सगळ्यांत खोट निघणार म्हणून मी कान टवकारले. मामांनी तिच्या खांद्यावरची रायफल आपल्या खांद्यावर घेतली.

"मीपण घाबरलो होतो गं, माझ्या निवडीच्या वेळी," ते म्हणाले. "तू निदान उभी तरी राहिलीस."

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. वासंती पुढच्या वर्षी संघात आली, ते त्यांनी पाहिलं, पेढेही वाटले. पण मामा आठवले की मला पेढे आठवत नाहीत. त्या दिवशी रेंजच्या फाटकापर्यंत ती दोघं माझ्यापुढे चालत होती, आणि हरलेल्या मुलीकडे मामा इतक्या कौतुकाने पाहत होते, की मी मुद्दाम मागे राहिलो.