निळे डाग

बायकोच्या अंगावर कशानंही निळे डाग पडायचे. कमरेला घागर टेकली तरी, बांगड्या भरताना हात दाबला तरी. टँकरच्या रांगेत बायका ते डाग बघायच्या आणि मग माझ्याकडं. मी मूळचा तापट. दुधाची फॅट कमी लावली की दूध सोसायटीच्या सचिवाच्या अंगावर धावून जाणारा. त्यामुळं मी तिला मारतो, हे पटायला गावाला जड गेलं नाही.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी खरं कारण सांगितलं. तिच्या रक्तवाहिन्या जन्मापासूनच कच्च्या होत्या. जड उचलायचं नाही, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, पोटात अचानक कळ आली तर घरी थांबायचं नाही. सगळं कागदावर लिहून दिलं आणि म्हणाले, "हे आईकडून मुलीत उतरू शकतं. मुलीला तपासून घ्या." तेही त्यांनी खाली लिहिलं. मी कागदाची घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली.

त्या दुष्काळात सायकलला घागरी अडकवून पाणी मीच आणायचो. सोसायटीच्या ओट्यावर एकानं डिवचलंच, "मारायचं बी अन् पाणी बी भरायचं, ह्ये कसं रं?" सगळे हसले. मी दुधाचा रिकामा कॅन उचलला आणि निघालो.

बायको म्हणायची, "सांगून टाका की समद्यांना. तुमचं असलं नाव झालेलं मला बघवत न्हाई."

"लेकीचं लगीन होऊ दे," मी म्हणायचो. असला आजार कळल्यावर पोरीला कोण करून घेणार?

जपूनसुद्धा ती गेली. ज्वारी निवडता निवडता पोटात कळ आली आणि जीप तालुक्याला पोचायच्या आत सगळं आटोपलं. लाथ मारली असेल, असं गावात बोललं गेलं. मी तेही ऐकून घेतलं. वर्षाच्या आत लेकीचं लग्न उरकलं. चांगला, शांत मुलगा मिळाला. मी जिंकलो असंच मला वाटलं, आज त्याची लाज वाटते.

पंचमीला जावई लेकीला घेऊन आला. ओसरीवर ती पाण्याचा तांब्या द्यायला वाकली आणि बाही वर सरकली. दंडावर निळा डाग होता. माझं डोकंच फिरलं. मी जावयाची गचांडी धरली.

"पोरीवर हात उचलतूस?"

त्यानं हात सोडवायचाही प्रयत्न केला नाही. "मामा, आईची शप्पत, म्या बोट बी लावलं न्हाई. डाग आपोआपच पडत्यात. गावात तोंड दाखवायची चोरी झालीय मला."

"खरं हाय आबा," लेक म्हणाली.

मी गचांडी सोडली. आत जाऊन मी ट्रंक उपसली आणि तो कागद आणून त्याच्या हातात दिला. तिला जड उचलू देऊ नको, तपासायला उद्याच जाऊ, असं काहीबाही मी बोलत राहिलो. त्याचं लक्ष नव्हतं. कागदावरची तारीख लग्नाच्या आधीची होती. ती त्यानं दोनदा वाचली आणि कागद लेकीकडं दिला.