केशतेलाच्या पानावरचा राजपुत्र

नवस बोलून, गंगेला साकडं घालून जे पदरात पडत नाही ते निव्वळ हट्टाने पाडून घेणारी एकच बाई मी नाशकात पाहिली. ती माझी आत्या. पंचवटीतल्या तिच्या माजघरात रोज दुपारी आळीतल्या बायका वाती वळायला जमत आणि आत्या त्यांना कादंबरी वाचून दाखवी. वाचून कसली, पोथीच लावी. पुस्तक पाटावर, त्याला हळदकुंकू, आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. यक्षलोकात नाहीशा झालेल्या राजपुत्राची कादंबरी लागली तेव्हा तर कहर झाला. राजकन्येने अन्न सोडलं त्या दिवशी आत्या जेवली नाही. दुष्ट प्रधानाला दुधी फार आवडे असं एका पानावर आलं, तेव्हापासून घरात दुधी बंद. भाजीवालीने कारण विचारलं तर म्हणाली, "त्या मेल्याचे लाड माझ्या घरी नकोत."

आम्ही हसायचो, पण तिला एवढं का लागतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे आतोबा मागल्या सिंहस्थात बैराग्यांच्या जथ्याबरोबर निघून गेले ते परतलेच नव्हते. बारा वर्षं पत्ता लागला नाही की माणूस गेला असं धरून त्याची क्रिया करतात, आणि मग बायकोचं कुंकू जातं. पुढचा सिंहस्थ उरकला की तेच करायचं, असं तिच्या दिरांनी सांगून ठेवलं होतं. आत्या म्हणे, "येतील. सिंहस्थात बैरागी नाशिक सोडून जाणार कुठे?" इकडे कादंबरीचा पहिला भाग राजपुत्र हरवल्यावरच संपला होता. दुसऱ्या भागाची तिने इतकी वाट पाहिली की गूळपाणी घेऊन घेऊन आमचा पोस्टमन आळीत शिरायलाही लाजू लागला.

ऐन सिंहस्थाच्या तोंडावर पुस्तक व्ही.पी.ने आलं. शेवटच्या अध्यायाला आत्याने समाप्तीचा शिरा केला. मी वाती वळत तिला खेटूनच बसले होते, म्हणून मला पान दिसत होतं. राजपुत्र यक्षलोकातच रमला, राजकन्येने डोळे पुसले आणि ती जोगीण झाली. इतकंच. आत्याने ते मनात वाचलं असावं, कारण तिचा आवाज मध्येच थांबला. मग तिने पान उलटलं आणि त्याच चालीत पुढे वाचलं, "इतक्यात दारावर थाप पडली." राजपुत्र आला, राजकन्या धावत गेली, बायका रडल्या आणि शिरा संपला. उलटलेल्या पानावर केशतेलाची जाहिरात होती. सगळ्या गेल्यावर पुस्तक फळीवर ठेवत ती मला म्हणाली, "एवढी वाट पाहायला लावून हे? लिहिणाऱ्याला घरदार नसावं."

सिंहस्थ आला. आत्या रोज रामकुंडावर जाई आणि एकेका बैराग्याचं तोंड असं निरखून पाही की दोघातिघांनी घाबरून आशीर्वाद देऊन टाकला. मग साधू गेले, घाट रिकामा झाला. आतोबा आले नाहीत. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. दीर येऊन ओसरीवर बसले. "वहिनी, आता क्रियेचं बघायला हवं," ते म्हणाले.

"समाप्ती कधी करायची ते मी सांगेन, भाऊजी. पोथी अजून चालू आहे."

दीर पागोटं उचलून निघून गेले.

त्या दुपारी बायकांनी पुन्हा शेवटचाच अध्याय मागितला. आत्याने केशतेलाचं पान उघडलं. थाप पडली, राजपुत्र आला, पण या खेपेस राजकन्या धावली नाही. त्याला अंगणात उभं करून ती वाती वळत बसली. ऊन उतरलं तरी तो आपला उभाच. मी म्हटलं, "आत्या, आत घेते की नाही त्याला?"

आत्याने कपाळावरच्या कुंकवाला हलकेच बोट लावून पाहिलं.

"घेईल. आधी पाय धुवून येऊ दे."