प्रल्हादनं शोधलेली नावं

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. बूट चढवले होते, गाडीवरचा बर्फ खरवडायचा राहिला होता. "भाऊजी, हे गेले," कुमुदवहिनी एवढंच म्हणाल्या. पोटाचा कॅन्सर होता, सगळं ठाऊक होतं... तरी मी रिसीव्हर धरून तसाच उभा राहिलो.

आम्ही दोघं एकाच सुमारास न्यू जर्सीत आलो आणि एकाच खोलीत राहिलो. मी पुण्याहून इंजिनिअरिंगला, तो नागपूरहून इतिहासात पीएच.डी. करायला. त्याचे वडील कापड गिरणीत होते. कामावरून आले की वस्तीतल्या विहारात बसून पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यामुळे असेल, प्रल्हादनं विषय घेतला तो पॅरिसच्या एका डाव्या दैनिकाचा इतिहास. त्यासाठी फ्रेंच शिकला. डाळीला फोडणी देता देता क्रियापदं पाठ करायचा. महायुद्धात त्या दैनिकावर बंदी आली, तेव्हा ते तळघरात छापलं जाई आणि बायका भाजीच्या पिशवीतून घरोघर पोचवत. छापणारे पकडले गेले, मारले गेले, तरी पुढचा अंक निघे. हे सांगताना त्याचे डोळे चमकत. "यार, पेपर असावा तर असा!" त्याचे गाइड मूळचे फ्रेंच. पोरवयात त्यांनी स्वतः ते अंक वाटले होते. प्रल्हादवर त्यांचा मुलासारखा जीव होता.

एका शनिवारी तो लायब्ररीतून आला आणि जेवलाच नाही. मायक्रोफिल्मवर युद्धानंतरचे अंक वाचताना त्याला एक संप सापडला होता. फ्रेंच कामगार संपावर गेले की ते दैनिक त्यांची नावं, फोटो, बायकामुलांचे हाल, सगळं छापायचं. हा संप मात्र फ्रान्सच्या ताब्यातल्या वसाहतींतून आलेल्या मजुरांचा होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली, आणि आतल्या पानावर चार ओळी आल्या. काही परदेशी मजूर, एवढंच.

"एकाचंही नाव नाही रे," तो म्हणाला. "कामगारांचा पेपर, आणि यांना नाव नाही... माझा बाप तिथं असता तर तोही त्या 'काही'तच गेला असता."

त्यानं त्यावर एक वेगळं प्रकरण लिहिलं. ते वाचून गाइड दुखावले. "तो काळ तुला माहीत नाही. हे काढून टाक," ते म्हणाले. प्रल्हाद म्हणाला, "सर, हे काढलं तर उरलेलं खरं कसं राहील?" गाइडनी अंग काढून घेतलं. दुसरं कुणी त्याला घ्यायला तयार झालं नाही आणि डिग्री राहिली ती राहिलीच.

तो इन्शुरन्सच्या ऑफिसात लागला. आयसेलिनला, आपल्या लोकांच्या वस्तीत, कुणाकडे जेवायला जमलो की कुणीतरी हटकून विचारायचं, "मग, पीएच.डी.चं काय?" तो म्हणायचा, "चालू आहे." लोक हसायचे. चालूच होतं ते. सुट्ट्या साठवून तो एकदा पॅरिसला गेला, मजुरांच्या वस्तीतल्या कॉफीच्या दुकानांतून हिंडला, आणि त्या संपात असलेला एक म्हातारा त्यानं शोधून काढला. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं मेलेल्यांची नावं उच्चारली आणि प्रल्हादनं ती कानावर पडली तशी देवनागरीत उतरवली. पुढे ते प्रकरण त्यानं बऱ्याच नियतकालिकांकडे पाठवलं. नावांना पुरावा नाही म्हणून ते परत येत राहिलं.

शेवटच्या हिवाळ्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा गाइडचा फोन आला. कित्येक वर्षांनी. रिसीव्हर मीच त्याच्या कानाशी धरला. पलीकडचा थकलेला आवाज मलाही ऐकू येत होता. "अजून लिहितोस?"

"हो, सर."

बऱ्याच वेळानं पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. प्रल्हादनं भिंतीकडे तोंड केलं.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. पॅरिसहून ते दैनिक त्यांच्याकडे अजून टपालानं येतं, शिळं, घट्ट गुंडाळलेलं.

"कॅन्सल नाही केलं?" मी विचारलं.

"राहू दे, भाऊजी." त्यांनी कागदी पट्टी फाडली आणि अंक टेबलावर प्रल्हाद बसायचा तिथं पसरला. तो पुन्हा पुन्हा गुंडाळला जात होता. वहिनींना फ्रेंचचं अक्षर वाचता येत नाही. त्यांनी ओट्यावरचा वरवंटा आणला, पदरानं पुसला आणि पानावर ठेवला. "गुंडाळलेला वाचायला त्रास होतो त्यांना," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला वळल्या.